भुंडा आकडा

ऑफिसात लागून चारच दिवस झाले होते आणि मला ताप आला. इतक्या लवकर सुट्टी कशी मागायची, म्हणून तशीच दिव्याहून ठाण्याला आलेले. दुपारी अगदीच राहवेना तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना म्हटलं, "मला शंभर पॉइंट चार ताप आहे. सरांना सांगाल का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुठल्या थर्मामीटरने?"

"घरातल्या."

"काचेचा की बॅटरीचा? काखेत लावलेलास की जिभेखाली? किती वेळ?"

मला वाटलं, मी खोटं बोलतेय असा संशय आहे ह्यांना. डोळ्यांत पाणी आलं. पण मॅडमनी पर्समधून चष्म्याचं एक जुनं घर काढलं. त्यात कापसात गुंडाळलेले दोन थर्मामीटर होते. तिसरा त्यांनी खालच्या मेडिकलवाल्याकडून मागून आणला. मग मला खुर्चीत बसवून एकामागून एक तिन्ही लावले, प्रत्येकी चार मिनिटं, घड्याळ लावून. तीन आकडे वेगवेगळे आले. त्यांनी ते कागदावर लिहिले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "शंभर पॉइंट दोन. पॉइंट चार इकडे तिकडे. ताप आहे तुला. घरी जा."

"मी तेच सांगत होते ना, मॅडम."

"तू भुंडा आकडा सांगत होतीस."

हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. बाईच्या हातात बांगड्या नसल्या की जुनी माणसं भुंडा हात म्हणतात, तसा हा आकडा. कोणी कुठलाही आकडा नुसता सांगितला, तो किती इकडे तिकडे होऊ शकतो ते सांगितलं नाही, की मॅडमच्या लेखी तो भुंडा. स्वतःच्या हातात त्या एका घड्याळाशिवाय काही घालायच्या नाहीत, ती गोष्ट वेगळी.

त्यांचं वय विचारलं तर त्या "अठ्ठावन्न, एक वर्ष इकडे तिकडे" असं सांगायच्या. मला आधी ती चेष्टा वाटली. मग कळलं की शाळेत नाव घालायला आजोबा घेऊन गेले तेव्हा जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, गुरुजींनी पोरीची उंची बघून एक जून लिहून टाकला. "माझ्या वर्गात अकरा मुलांचा वाढदिवस एक जूनला होता," मॅडम सांगायच्या. "मला तेव्हाच प्रश्न पडला होता की हे कसं काय!"

त्या डोंबिवलीच्या एका कारखान्यात काचेचे थर्मामीटर तपासायच्या खोलीत सव्वीस वर्षं होत्या. कारखाना बंद झाला, मग आमच्या ऑफिसात आल्या. राहायला विठ्ठलवाडीला, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत. नवरा निवृत्त इलेक्ट्रिशियन, फार शांत माणूस. मी फोन केला आणि मॅडम घरी नसल्या तर ते म्हणायचे, "बाजारात गेल्येय. वीस मिनिटांत येईल. सात इकडे तिकडे." ते गमतीत बोलतायत की खरंच, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं ऑफिस म्हणजे ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. सर, मॅडम आणि मी. पुण्याचे एक प्राध्यापक जुनं तापमान गोळा करत होते, त्याचं काम सरांना मिळालं होतं. पूर्वी ठिकठिकाणी, दवाखान्याच्या नाहीतर कचेरीच्या आवारात, झडपांची एक पांढरी लाकडी पेटी उभी असायची. आत थर्मामीटर. नेमलेला माणूस रोज सकाळी साडेआठला पेटी उघडून आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि सही करायचा. त्या वह्यांच्या पानांचे फोटो आमच्याकडे यायचे. मी आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. आणि प्रत्येक आकड्यापुढे एक रकाना होता, तो मॅडमचा. हा आकडा किती इकडे तिकडे असू शकतो, हे त्यात भरायचं.

सरांची कल्पना अशी, की तिथे अर्धा अंश लिहायचा आणि माउसने खालपर्यंत ओढत न्यायचा. पहिल्याच महिन्यात ते मॅडमना म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे हो."

मॅडम म्हणाल्या, "सर, ही एकेक माणसं आहेत. सगळ्यांना एकच माप कसं लावू?"

आणि खरोखरच त्या माणसांसारखं वागवायच्या त्यांना. वहीत नाव नसलं तरी अक्षरावरून ओळखायच्या. एकाला त्या शून्यपाचवाले म्हणायच्या, कारण त्यांचे सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपायचे. मॅडमनी दोन वर्षांचे शेवटचे आकडे मोजून मला दाखवलं. "निसर्गाला शून्य आणि पाच एवढे आवडत नाहीत. ह्या गृहस्थांना आवडतात." दुसरे एक होते त्यांना त्या उंच काका म्हणायच्या. उंच कशावरून, म्हणून मी विचारलं. त्यांनी मला स्टुलावर चढवलं आणि भिंतीला टांगलेल्या थर्मामीटरमधला आकडा वाचायला लावला. मग जमिनीवर बसवलं आणि तोच वाचायला लावला. काचेवरची रेघ पुढे असते, पारा मागे. वरून बघितलं तर जास्त दिसतं, खालून बघितलं तर कमी. माझ्या दोन वाचनांत पाऊण अंशाचा फरक आला. तेवढ्यात सर आत आले आणि मला जमिनीवर बसलेली बघून दारातूनच परत गेले.

प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला मॅडम खालच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायच्या. तो फडक्यात बांधून लाटण्याने ठेचायचा, थर्मासमध्ये भरायचा, थोडं पाणी घालायचं आणि आपला हवेचा थर्मामीटर त्यात उभा करायचा. शून्य दाखवतोय का बघायचं. वीस वर्षांत त्यांच्या थर्मामीटरचं शून्य पॉइंट दोनने वर सरकलं होतं. "काच म्हातारी होते गं. आकसते. मग पाऱ्याला जागा कमी पडते, तो वर चढतो. बाहेर थंडी तेवढीच असते, पण हा बिचारा जास्त सांगतो." असं बोलताना त्या थर्मामीटरकडे ज्या मायेने बघायच्या, तेवढ्या मायेने त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मग कल्याणच्या वह्या आल्या. एका जुन्या दवाखान्याच्या आवारातली पेटी, आणि तिथले कंपाउंडर रोज आकडा बघणारे. साठ वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यापाशी मॅडम अडकल्या. सही कंपाउंडरांचीच, पण सदतीस दिवस आकड्यांचं वळण वेगळं होतं. कंपाउंडरांच्या साताला आडवी रेघ असायची, ह्या साताला नव्हती. आणि ते आकडे फार शहाण्यासारखे होते. आज सत्तावीस, उद्या सत्तावीस, परवा सव्वीस.

"हे थर्मामीटरने सांगितलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "थर्मामीटर एवढा गुणी नसतो."

"मग गाळून टाका," सर म्हणाले. "सदतीस दिवसांनी काय होतंय?"

"गाळायचं तर काय गाळतोय ते कळायला नको?"

दोन शनिवार त्या कल्याणला जाऊन आल्या. दवाखाना केव्हाच बंद पडलेला, पण आवारातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने सांगितलं की कंपाउंडरांची मुलगी शहाडला असते. तिसऱ्या शनिवारी मला बरोबर घेऊन गेल्या.

उल्हास नदीच्या बाजूला, नव्या इमारतींच्या मध्ये अडकलेलं एक बैठं घर होतं. पुढे अंगण, अंगणात पाण्याचा सिमेंटचा हौद. सत्तर-पंचाहत्तरच्या आजी बाहेर आल्या. मॅडमनी पर्समधून पानाचा फोटो काढला आणि थेट विचारलं, "मावशी, हे अक्षर कोणाचं?"

आजींनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मग गोऱ्यामोऱ्या झाल्या. "माझं. पण तुम्ही कोण? हे आता कशाला काढलंत?"

मॅडमनी समजावून सांगितलं. आजींना घाबरायचं काही कारण नाही हे पटायला दोन कप चहा लागला. मग त्या बोलल्या. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. वडलांना त्या पावसाळ्यात टायफॉइड झालेला. ते अंथरुणावरून विचारायचे, "बघून आलीस का गं?" आणि ही हो म्हणायची.

"पेटीखाली घोणस राहायची हो," आजी म्हणाल्या. "मी स्वतः बघितलेली. गुडघाभर गवत, त्यात पाऊस. मी नाही गेले कधी. दारातूनच ठरवायचे आणि लिहायचे. वडील नुसती सही करायचे. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही." साठ वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

मला वाटलं, आता मॅडम काय बोलतात! मॅडम पुढे सरकून बसल्या होत्या. "ठरवायचात कसं पण?"

"आता कसं म्हणजे... हौदात हात घालायचे. पाणी हाताला कसं लागतंय बघायचे. आणि खोबरेलाची बाटली. ती थिजली असेल तर गार आहे, चोवीसच्या खाली. नुसती गढूळ असेल तर पंचवीस. रोज बघून बघून कळतं."

"आत्ता किती असेल?"

आजी उठल्या. अंगणात गेल्या, हौदात हात घातला, वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस."

मॅडमनी चष्म्याचं घर उघडलं. ह्या खेपेला त्यात हवेचा थर्मामीटर होता, तो सावलीत धरून पाच मिनिटं उभ्या राहिल्या. एकोणतीस पॉइंट एक. मॅडमचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा फुलला. "मावशी, तुम्ही मला रोज सकाळी साडेआठला फोन कराल?"

पुढचे दोन महिने, आषाढ श्रावणभर, आजींनी रोज फोन केला. मॅडमनी त्यांच्या अंगणात, हौदाच्या पलीकडे, एक छोटी पेटी बसवली. आत आकडे साठवून ठेवणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी, म्हणजे आजींनाही दिसू नये. आजी हौदात हात घालायच्या, बाटली बघायच्या आणि फोनवर आकडा सांगायच्या. मॅडम तो वहीत लिहायच्या. आठवड्यातून एकदा शहाडला जाऊन यंत्रातले आकडे उतरवायच्या. एखाद्या जुन्या थर्मामीटरची तपासणी करावी, तशी त्या आजींची तपासणी करत होत्या. आणि आजींना ते फार आवडलं होतं. एकदा साडेआठला फोन आला नाही तर मॅडमनी आठ बत्तीसला स्वतः लावला. तिकडून आजी ओरडल्या, "अगं, दोन मिनिटं इकडे तिकडे!"

सर वैतागले होते. "मॅडम, लोक हसतील. म्हातारीच्या हाताचा अंदाज आपण विज्ञानात घालणार?"

"अंदाज म्हणूनच घालणार, सर. किती चुकतो ते लिहून."

ह्या सगळ्यात मला मात्र आत काहीतरी कुरतडत होतं. त्या कल्याणच्याच वह्यांत एक पान पाण्याने भिजलेलं होतं. शाई पसरून नऊ आकडे वाचताच येत नव्हते. तिथे रिकामं सोडायचं, असा नियम होता. पण रिकामं सोडलं की एक फॉर्म भरावा लागायचा, कारण लिहावं लागायचं. आणि त्या दिवशी मला लवकर निघायचं होतं. आमच्या दिव्याच्या इमारतीत दोन दिवस पाणी नव्हतं, संध्याकाळी टँकर यायचा होता आणि घरात मी सोडून बादल्या उचलणारं कोणी नव्हतं. मी मागचा आणि पुढचा आकडा बघितला, मधला काढला आणि नऊच्या नऊ घरं भरून टाकली. चार मिनिटं लागली.

आजी सगळं सांगून मोकळ्या झाल्या आणि मी त्यांच्यासमोर बसून बिस्किट खात होते. त्यानंतर दोनेक महिने मी गप्प बसले. मग एका दुपारी डबा खाताना मॅडम म्हणाल्या, "कल्याणचं ते भिजलेलं पान, तिथे तुला बरं वाचता आलं गं. मला एकही आकडा दिसेना." त्यांना संशय आलेला की नाही, मला माहीत नाही. सहजच बोलल्या असतील. पण मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मॅडम, ते मी वाचलेलं नाही. मी भरलंय."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "किती?"

"नऊ."

"आणखी कुठे?"

"कुठेच नाही. शप्पथ."

"शपथ नको. आठव नीट."

मी आठवलं. खरंच दुसरं कुठे नव्हतं. मॅडम उठल्या, हात धुऊन आल्या आणि कामाला बसल्या. त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. फाइल दे, दिवा लाव, एवढंच. आजींनी सदतीस दिवस बनवले तर ह्यांनी दोन महिने त्यांचे फोन घेतले, आणि माझ्या नऊ दिवसांवर एवढा राग! मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर तीस पानं ठेवलेली. प्रत्येक पानावर एकेका आकड्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. "भर," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी भरलंस तसंच. तेवढ्याच घाईत."

मी भरले. त्यांनी एकेक चिठ्ठी उचलून माझा आकडा आणि खरा आकडा शेजारी शेजारी लिहिला. तासाभराने म्हणाल्या, "एक अंश इकडे तिकडे." आजींचा अंदाज दीड अंशाच्या आत येत होता. त्यात मॅडमनी आणखी अर्धा वाढवून दोन केला होता, कारण आजची आजी आणि तेव्हाची चौदा वर्षांची मुलगी एकच माणूस धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे मी आजींपेक्षा बरी," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. पण पर्समधून आवळासुपारीची डबी काढून माझ्यापुढे केली. मी समजले की बोलणं सुरू झालं.

मॅडमनी दोन्ही गोष्टी अहवालात लिहिल्या. सर ते वाचून टेबलाशी उभेच राहिले. "आजींचं ठीक आहे, ते साठ वर्षांपूर्वीचं. पण हे नऊ दिवस आपल्याच ऑफिसातले! हे पुण्याला कळलं तर काम जाईल. कोणाला पत्ता लागणार आहे?"

"मला लागलाय ना," मॅडम म्हणाल्या.

"मग ही मुलगी उद्यापासून नको."

मी भिंतीकडे बघत होते. माझ्या पगारावर घरभाडं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिचं नाव कुठे लिहिलंय? टंकलेखकाकडून असं लिहिलंय. आणि तिला काढलीत, तर प्राध्यापकांनी आणखी तपासणी मागितली की मी ती कोणावर करू? दुसरी मुलगी वेगळी चुकेल."

सरांनी शेवटी अहवाल तसाच पाठवला. उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी दोनदा दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज लिहिला आणि दोनदा फाडला.

प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा सरांनी तो स्पीकरवर लावला. पलीकडचा आवाज चांगला तरुण होता. त्यांनी आधी आजींबद्दल विचारलं, आणि विचारतच राहिले. हौद किती खोल, बाटली कुठे ठेवतात, सकाळी आंघोळ आधी की फोन आधी. मॅडम उत्तरं देत होत्या. दोघंही मला, सरांना, सगळं विसरले होते. शेवटी ते म्हणाले, "आजींचे दिवस ठेवू या. दोन अंश लावून. तुमच्या टंकलेखकांचे नऊ मात्र कोरे करा."

फोन बंद झाल्यावर मी मॅडमना विचारलं, "माझी चूक कमी होती ना? मग माझेच का कोरे?"

मॅडम म्हणाल्या, "तू मागचा आणि पुढचा आकडा घेऊन मधला काढलास. तो प्राध्यापकही पुण्यात बसून काढेल. तिने त्या दिवशीच्या पाण्यात हात घातला होता." मग म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस हां." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच कौतुक. त्या संध्याकाळी मी नऊ घरं कोरी केली आणि नऊ फॉर्म भरले. कारणाच्या जागी लिहिलं, पान भिजलेलं.

भाद्रपद संपताना तक्ता छापून आला. आजींच्या सदतीस दिवसांपुढे निरीक्षकाच्या रकान्यात पूर्वी कंपाउंडरांचं नाव होतं, तिथे मॅडमनी लिहिलं होतं, "कंपाउंडरांची मुलगी, वय चौदा, अंदाजाने." ते आजींना दाखवायचंच, म्हणून आम्ही दोघी पुन्हा शहाडला गेलो.

आजींनी चष्मा लावला आणि तक्ता मांडीवर घेतला. एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. आपली नोंद आली म्हणून खूश होत्या, आम्हाला चिवडा पुढे केला. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या.

"कोणता?" मॅडम पुढे झुकल्या.

"ही तारीख. ऑगस्टातली. अक्षर माझं असेल. पण आकडा माझा नाही. वडलांचा आहे."

"ते तर आजारी होते ना?"

"होते. आई आणि ते, दोघंही होते. ह्या दिवशी पहाटे आई गेली." आजींचं बोट अजून तारखेवरच होतं. "तारीख समोर आली म्हणून आठवलं बघा. घरात बायका जमलेल्या. वडील उठले. कोणी धरायला गेलं तर हात झटकला. पावसात, त्या गवतातून चालत गेले पेटीपाशी. मी खिडकीतून बघत होते, मला घोणशीची भीती वाटत होती. परत आले. त्यांना पेन धरवेना. मला म्हणाले, लिही. पंचवीस पॉइंट सात. मी लिहिलं. मग म्हणाले, आता आईच्या आंघोळीचं पाणी तापव."

आम्ही तिघीही तक्त्याकडे बघत होतो. त्या आकड्याच्या वर सव्वीस होता, खाली सव्वीस होता. मध्ये पंचवीस पॉइंट सात. आख्ख्या पानावर पॉइंट लावलेला तो एकच आकडा होता.

"मला हा दिसला होता," मॅडम हळू म्हणाल्या. "मला वाटलं, पोरीने खरं वाटावं म्हणून एखाद्या ठिकाणी पॉइंट लावला असेल. मी ती सजावट समजले. माझं चुकलं, मावशी."

त्यांनी पर्समधून पेन काढलं. छापलेल्या तक्त्यावर, त्या ओळीतलं "कंपाउंडरांची मुलगी" खोडून वडलांचं नाव लिहिलं. दोन अंश खोडून पॉइंट तीन लिहिलं. वर सदतीस होतं तिथे छत्तीस केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी पुण्याला कळवायचं. तक्ता परत छापावा लागेल."

आजींनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांना लावला. "थांबा," त्या म्हणाल्या, "सगळं बघू दे मला." आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.